पुराच्या गावाने होडी कशी निवडावी?

(व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, छापण्यात काही चूक झाली का? तत्त्वज्ञानाचा माणूस आणि विषय ॲल्युमिनियमच्या मोटारबोटी?" चूक झालेली नाही. आयुष्यभर आम्ही वर्गात प्रमाणशास्त्र शिकवलं, म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला कळली असं कधी म्हणावं ते. निवृत्तीनंतर गावातल्या चार मंडळींबरोबर एक होडी विकत घ्यायची वेळ आली, आणि आपण शिकवलेलं आपल्याला किती आलं आहे याची परीक्षा तिथे झाली. त्या परीक्षेची ही हकीकत आहे. ज्यांना होडी घ्यायची नाही त्यांनाही तिचा उपयोग होईल, असं वाटतं. फवारणीचा पंप असो, शाळेची बस असो, दवाखान्यातलं यंत्र असो, तुलना करण्याची रीत तीच असते.

आधी पार्श्वभूमी. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, वाईवरून खाली येते, कऱ्हाडला तिला कोयना मिळते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. सातारा जिल्ह्यात जो पाऊस पडतो त्याचा हिशोब सांगली जिल्ह्यात चुकता होतो. सांगलीतली शाळकरी पोरंसुद्धा आयर्विन पुलाची पातळी विचारत असतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ वर गेलं. २०१९ चा आकडा तर सत्तावन्न फुटांच्या पलीकडचा.

त्याच २०१९ च्या ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली. होडीत तीसच्या आसपास माणसं होती. डझनाहून अधिक जण गेले, त्यात बायका आणि लहान मुलं होती. त्या घटनेवर निवाडा द्यायला आम्ही इथे उभे नाही. वाचवायला निघालेल्या माणसांचा हेतू कुणाला ठाऊक नाही? एवढंच सांगतो, की त्याच आठवड्यात आम्हीही सांगलीच्या गावभागातून, आमच्याच घराच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, एका होडीत उतरलो होतो. आम्ही अकरा जण होतो. होडी किती जणांची आहे, हे आम्ही विचारलं नाही. आम्हाला उतरवून घेणाऱ्यांनीही विचारलं नाही. आम्ही सुखरूप पोचलो. पण सुखरूप पोचणं हा होडी चांगली असल्याचा पुरावा नव्हे, हे कळायला आम्हाला ब्रह्मनाळची बातमी वाचावी लागली. आणि हे कुणाला, तर अनुमानातले दोष चाळीस वर्षं शिकवणाऱ्याला!

पुढे नदीकाठच्या एका गावातली मंडळी आमच्याकडे आली. गाव आमच्या आजोळचं. लोकवर्गणी जमली होती, थोडा निधी मिळणार होता, तीन दरपत्रकं हातात होती. म्हणाले, "सर, तुम्ही शिकल्यालं माणूस. तिन्हीतली कंची घ्यावी ते सांगा." आम्ही म्हटलं, सांगत नाही, शोधू या. त्या शोधाची गोष्ट आता सांगतो.

आधी, ॲल्युमिनियमच का?

पुरात आपल्याकडे पूर्वी काय होतं? लाकडी नाव होती, वाळल्या भोपळ्यांची सांगड होती, आणि अगदीच वेळ आली तर गुऱ्हाळाची काहील. आज चार पर्याय आहेत. लाकडी नावेला वर्षभर निगा लागते, आणि ती बांधणारे हात कमी होत चाललेत. फायबरची होडी मजबूत असते आणि कोकणात तिची दुरुस्ती सगळीकडे होते, पण ती जड असते आणि दगडावर, पायरीवर आदळली की तडकते. हवा भरलेली रबरी होडी उत्तमच. पुण्याजवळ सुदुंबरे इथे आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, तिथले जवान येतात तेव्हा आपण ती पाहतो. पण त्यांच्या मागे प्रशिक्षण आहे, निगा राखणारं पथक आहे. गावात पाणी शिरल्यावर पाण्याखाली काय असतं? पत्र्याची शेड, काटेरी तारेचं कुंपण, मोडलेले खांब. रबराला हे सोसत नाही.

ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. आदळलं तर बहुधा पोचा येतो, तडा जात नाही. गोड्या पाण्यात गंजाची भीती कमी. पाच-सहा जणांनी उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकता येते. म्हणून आपल्या भागातल्या गावाला ती सोयीची. मात्र भांड्याचं ॲल्युमिनियम वेगळं आणि होडीचं वेगळं. होडीसाठी मॅग्नेशियम मिसळलेले मिश्रधातू वापरतात, ५०५२, ५०८३, ५०८६ अशा क्रमांकांचे. दरपत्रकात नुसतं "ॲल्युमिनियम शीट" लिहिलं असेल तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा: क्रमांक कोणता, आणि जाडी किती मिलिमीटर?

आता आपल्या न्यायदर्शनाकडे येऊ. ज्ञानाची चार साधनं नैयायिक सांगतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आम्ही ती उलट्या क्रमाने वापरली, कारण खरेदीत शब्द आधी येतो.

शब्द: विक्रेत्याचं म्हणणं

शब्द हे प्रमाण आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याचीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. विक्रेत्याला गोष्ट ठाऊक असते, पण त्याची इच्छा विकण्याची असते. म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही, पण अपुरं ठरतं. तिन्ही दरपत्रकांत "वेगवान", "मजबूत", "बारा ते पंधरा व्यक्ती" असे शब्द होते. वेग किती वजनावर मोजला, हे एकानेही लिहिलं नव्हतं. पंधरा व्यक्ती कोणत्या पाण्यात, हेही नाही. आम्ही एक साधी यादी करून तिघांना पाठवली: लांबी, रुंदी, मागच्या फळीची उंची, पत्र्याची जाडी, रिकाम्या होडीचं वजन, मोटारीचं वजन, आसनांखाली तरंगण्यासाठी काय भरलं आहे आणि किती. विशेषणं गाळली, फक्त आकडे मागितले. एकाने दोन दिवसांत उत्तर दिलं, दुसऱ्याने अर्धवट दिलं, आणि तिसरा म्हणाला, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." हेही एक उत्तरच झालं.

अनुमान: वहीवरचा हिशोब

इथे आपण जरा रेंगाळू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते आणि गणित सातवीच्या पलीकडचं नाही.

पंधरा फूट लांब आणि पाच फूट रुंद होडी घ्या. पुढचं टोक निमुळतं असतं ते वजा केलं तर पाण्यावर टेकणारी जागा सुमारे पाच चौरस मीटर भरते. एवढी होडी एक सेंटीमीटर खाली जायला किती वजन लागेल? पाच चौरस मीटर गुणिले एक सेंटीमीटर म्हणजे पन्नास लिटर पाणी, म्हणजे पन्नास किलो. दर पन्नास किलोला एक सेंटीमीटर, हे सूत्र लक्षात ठेवा. तळ निमुळता असेल तर होडी याहून थोडी जास्तच खाली जाते.

आता होडी, मोटार, इंधन आणि सामान मिळून दोनशे किलो धरा. झाले चार सेंटीमीटर. त्यात पासष्ट किलोची पंधरा माणसं बसवा. पावणेदहाशे किलो, म्हणजे साडेएकोणीस सेंटीमीटर. एकूण साडेतेवीस. मोटार जिथे अडकवतात ती मागची फळी लहान दांड्याच्या मोटारीसाठी पंधरा इंच, म्हणजे अडतीस सेंटीमीटर उंच असते. अडतीसातून साडेतेवीस गेले, उरले साडेचौदा. एक वीतसुद्धा नाही! आणि हे केव्हा, तर सगळे जण मूर्तीसारखे समतोल बसले आहेत असं धरलं तर. मोटारीचं वजन मागेच असतं, चालवणाराही मागेच बसतो. त्यात दोघे-तिघे घाबरून मागे सरकले की त्या फळीवरून पाणी आत. आत आलेलं पाणी उतार पाहून त्याच बाजूला धावतं, आणि मग काही सेकंदांचाच प्रश्न राहतो.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा एक ठोकताळा आहे. वीस फुटांखालच्या ज्या होडीवर क्षमतेची पाटी नसेल तिथे लांबी गुणिले रुंदी, फुटांत, भागिले पंधरा. आपल्या होडीचे पंच्याहत्तर भागिले पंधरा, म्हणजे पाच माणसं. चालवणारा धरून पाच, आणि तेही शांत पाण्यात. दरपत्रकात पंधरा आणि ठोकताळ्यात पाच! हे बैठकीत मांडलं तेव्हा एकदम शांतता झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पाच माणसांसाठी एवढं पैसं घालायचं व्हय?" या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. खरा प्रश्न तोच आहे.

दुसरा हिशोब वेगाचा. होडी दोन रीतींनी चालते. हलकी असेल तर पाण्यावर उठून पळते, भरलेली असेल तर पाणी कापत जाते. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिची लांबीच मर्यादा घालते. पंधरा फुटांच्या होडीला ही मर्यादा ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास पडते. तिच्यापुढे मोटार कितीही ओढा, पेट्रोल जळतं आणि लाटा उठतात, वेग फारसा वाढत नाही. आता काठावर उभं राहून ओंडका वाहताना बघा. दहा सेकंदांत पंचवीस मीटर गेला तर प्रवाह ताशी नऊ किलोमीटर. म्हणजे प्रवाहाविरुद्ध तुमच्या भरलेल्या होडीचा निव्वळ वेग ताशी अर्धा किलोमीटर! माहितीपत्रकातला वेग हा रिकाम्या तलावात दोन माणसं बसवून घेतलेला असतो, आपण निघालो असतो भरल्या होडीने भरल्या नदीत.

उपमान: शेजारच्याचा अनुभव

उपमानाचं जुनं उदाहरण गवयाचं. ज्याने गवय पाहिलेला नाही त्याला सांगतात की तो गायीसारखा असतो, मग रानात तो दिसला की ओळख पटते. पण गवय म्हणजे गाय नव्हे, हेही त्यातच आलं.

आम्ही सातारा जिल्ह्यात बामणोलीला गेलो. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी तिथल्या मंडळींचं आयुष्य मोटारबोटींवर आहे. वासोट्याला जाणारे पर्यटक न्यायचे, पलीकडच्या गावांची ये-जा सांभाळायची. तिथल्या एका जुन्या चालकाला आम्ही विचारलं, "तात्या, बोट घेताना तुम्ही आधी काय बघता?" ते म्हणाले, "बोट न्हाई बघत. ती बिघडली तर नीट कोण करणार, ते बघतो." एका वाक्यात आमची निम्मी यादी बदलली.

रिव्हेटच्या होडीचे रिव्हेट वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी सैल होतात आणि ती पाझरू लागते. पण रिव्हेट परत ठोकता येतो, बदलता येतो, त्याला फार मोठं कसब लागत नाही. वेल्डिंगची होडी पाझरत नाही, जास्त कणखर असते. पण एकदा वेल्ड तडकलं तर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग नांगर जोडणाऱ्या वेल्डरचं काम नव्हे. त्याला आरगॉन वायू लागतो, वेगळं यंत्र लागतं, सवय लागते. तसा कारागीर औद्योगिक वसाहतीत मिळतो, गावात नाही.

मोटारीचंही तसंच. टू-स्ट्रोक हलकी आणि साधी, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं आणि ती पेट्रोल जास्त पिते. फोर-स्ट्रोक कमी पिते, आवाज कमी करते, पण पंधरा अश्वशक्तीची घेतली तर आठ-दहा किलोने जड, आणि तो सगळा भार त्या मागच्या फळीवर. मोटारीच्या दांड्याची लांबी फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. आखूड दांडा उंच फळीवर लावला तर पंखा हवा घेतो आणि मोटार नुसती ओरडते. लांब दांडा बुटक्या फळीवर लावला तर पंखा विनाकारण खोल जातो आणि तारेत अडकतो.

पण सावध राहा, गवय म्हणजे गाय नव्हे. शिवसागराचं पाणी खोल आणि मोकळं. आपल्याकडे पूर येतो तो उसात येतो. उसाचा पाला आणि जलपर्णी पंख्याला गुंडाळली जाते आणि मोटार थंड ठेवणारं पाणी जिथून आत जातं ते तोंडही बुजतं. म्हणून आपल्याला तळ उथळ हवा, पंख्याभोवती जाळी हवी, आणि मोटार बंद पडली तर वापरायला वल्ही आणि एक लांब बांबू होडीतच हवा. तळ अगदी सपाट असेल तर उथळ पाण्यात उत्तम आणि उभी असताना स्थिर, पण लाटेवर धपाधप आदळते. खोल निमुळता असेल तर लाट छान कापते, पण जास्त पाणी मागते. आपल्याला मधला हवा.

प्रत्यक्ष: पाण्यात उतरून

तिन्ही विक्रेत्यांना आम्ही कळवलं की बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात चाचणी घेऊ आणि मगच बोलू. दोघे लगेच तयार झाले, तिसऱ्याला जरा समजवावं लागलं. माणसांऐवजी पन्नास-पन्नास किलोची वाळूची पोती घेतली. चाचणीत माणसं भरायची नाहीत, हा आमचा पहिला नियम. पोती ठेवत गेलो आणि पट्टीने पाण्यावरची कड मोजत गेलो. वहीतला हिशोब आणि पट्टी यांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडला, आणि तो प्रत्येक वेळी होडीच्या विरुद्ध पडला.

मग खरी परीक्षा घेतली. कमरेएवढ्या पाण्यात होडी नेली, मोटार काढून मागे तेवढंच वजन बांधलं आणि होडी मुद्दाम पाण्याने भरली. का? पाण्याने भरलेली होडी आडवी, सपाट तरंगत राहिली पाहिजे. तसं झालं तर माणसं तिला धरून राहू शकतात. ॲल्युमिनियम स्वतः पाण्यात बुडतं, होडीला तरंगतं ठेवतो तो आसनांखालचा फोम. तो फक्त पुढच्या बाजूला भरला असेल तर मागची बाजू खाली जाते आणि नाकच तेवढं वर राहतं. सोळा फुटांची, सगळ्यांत मोठी, सगळ्यांना आवडलेली होडी अशी उभी राहिली. काठावरची बायामाणसं बघत होती. कुणी काही बोललं नाही.

मग निवड कशी करायची?

आता थोडं मागे जाऊ. ही चाचणी होण्याआधी बैठकीत मतदान झालं होतं, आणि ते ऐकण्यासारखं आहे. तीन होड्या होत्या. क म्हणजे वेल्डिंगची, जाड पत्र्याची, पंधरा फुटी. ख म्हणजे रिव्हेटची, हलकी, बारा फुटी. ग म्हणजे सोळा फुटी, मोठी, सोबत चाकांचा गाडा. तीन गट पडले. नावाडी मंडळींचा क्रम क, ख, ग. तळ कणखर हवा, आणि ते नसेल तर निदान हातात मावणारी हवी. होडी उचलणाऱ्या तरुण मंडळाचा क्रम ख, ग, क. हलकी हवी, नाहीतर गाड्यावरची हवी. पंचायतीच्या मंडळींचा क्रम ग, क, ख. जेवढी मोठी तेवढी बरी.

आता जोड्या लावा. क आणि ख मध्ये दोन गट क कडे. ख आणि ग मध्ये दोन गट ख कडे. म्हणजे क सर्वांत चांगली ठरली ना? ग आणि क लावून बघा: दोन गट ग कडे! क ने ख ला हरवलं, ख ने ग ला, आणि ग ने क ला. चक्रच झालं. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने १७८५ मध्ये हा घोळ दाखवून दिला होता. प्रत्येकाचं डोकं ठिकाणावर असतं, तरी सगळ्यांचं मिळून ठिकाणावर राहत नाही. आणि गंमत अशी की आधी कोणती जोडी मतदानाला टाकायची हे अध्यक्षाने ठरवलं, की निकाल अध्यक्षाच्या हातात. आमच्याकडे भांडण पेटायला एवढं पुरेसं होतं.

दुसरा मार्ग कुणीतरी सुचवला: दहापैकी गुण द्या आणि बेरीज करा. शाळेची सवय! पण बेरजेत एक गोम असते. सुरक्षिततेत दोन गुण मिळालेली होडी किमतीत दहा आणि रंगरूपात नऊ मिळवून पहिली येऊ शकते. बेरीज म्हणते की एकातली उणीव दुसऱ्याने भरून निघते. बुडण्याची उणीव स्वस्ताईने भरून निघते का? सर्वांत कमी दराची निविदा डोळे मिटून स्वीकारणं हेही याच बेरजेचं टोक आहे.

आम्ही केलं ते एवढंच. दोन चाळण्या लावल्या. पहिल्या चाळणीत बेरीज नाही, फक्त हो किंवा नाही. भरल्यावर सपाट तरंगते का? पाच माणसांच्या वजनावर मागच्या फळीवर वीतभर कड उरते का? मोटार आणि फळी जुळतात का? एकालाही "नाही" आलं की होडी बाद, किंमत विचारायचीच नाही. त्यातून जे उरेल त्यातच किंमत, वजन, दुरुस्ती यांची तुलना. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्राच्या नोबेलविजेत्या विचारवंताने सांगून ठेवलं आहे की माणसाने सर्वोत्तमाच्या मागे धावण्यापेक्षा पुरेसं चांगलं म्हणजे काय हे आधी ठरवावं. पहिल्या चाळणीत ग गेली. ग जाताच चक्रही तुटलं. क आणि ख उरल्या, आणि दोन गट क च्या बाजूने होते. तरुण मंडळाची तक्रार वजनाची होती, तर गावातल्या वर्कशॉपमध्ये तिच्यासाठी चाकांचा गाडा करून घेतला. वेल्ड तडकल्यास मिरजेच्या वसाहतीत कोण करून देईल, ते आधी विचारून ठेवलं.

पाच माणसांसाठी एवढे पैसे?

आता त्या मागून आलेल्या प्रश्नाकडे. चालक धरून पाच, म्हणजे फेरीला चार माणसं. वस्तीत दोनशे माणसं असतील तर पन्नास फेऱ्या. एक फेरी पंधरा मिनिटांची धरली तर साडेबारा तास. ही संख्या फळ्यावर लिहिली तेव्हा सगळ्यांना एकच गोष्ट दिसली: साडेबारा तास लागणार असतील तर पाणी दारात आल्यावर सुरुवात करून चालणार नाही. पंधरा जणांची होडी म्हटलं की आपण निर्धास्त राहतो, शेवटच्या क्षणापर्यंत माळ्यावर भांडी चढवत बसतो, आणि मग सगळे एकदम धावतात. होडीची खोटी क्षमता आपल्याला खोटा वेळ देते. खरी क्षमता लवकर उठवते. आम्ही पाच माणसांची होडी घेतली, पण तिच्याबरोबर कधी निघायचं हेही ठरवलं: आयर्विनचा कोणता आकडा आला की म्हातारी, आजारी, बाळंतिणी आणि लेकरं चालत, ट्रॅक्टरने, कोरड्या रस्त्याने हलवायची. होडी फक्त मागे राहिलेल्यांसाठी.

होडीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत रंगवलं: "चालकासह ५". ते अक्षर का हवं? पुरात नको म्हणणं फार अवघड असतं. कडेवर मूल घेतलेली बाई समोर उभी असताना "तुम्ही पुढच्या फेरीला" असं म्हणण्याचा भार एकट्या चालकावर टाकणं अन्याय आहे. तो "नाही" गावाने आधी, कोरड्या जमिनीवर, शांत डोक्याने म्हणून ठेवायचा. मग चालकाला फक्त पाटीकडे बोट दाखवावं लागतं. ॲरिस्टॉटल ज्याला व्यवहारातलं शहाणपण म्हणतो ते ऐन वेळी सुचण्यात नसतं, बरंचसं आधी करून ठेवण्यात असतं.

आम्ही इथे थांबतो. दोन-चार प्रश्न घेऊ.

प्रश्न: होडी वर्षातले अकरा महिने पडून राहणार. तिची निगा कशी राखायची?

उत्तर: उलटी करून, लाकडी ठोकळ्यांवर, सावलीत ठेवा. खताच्या आणि सिमेंटच्या पोत्यांजवळ ठेवू नका, ओलं सिमेंट आणि खताचे क्षार ॲल्युमिनियम खातात. पितळेचे किंवा साध्या लोखंडाचे बोल्ट परस्पर लावू नका, दोन धातू ओले राहिले की ॲल्युमिनियम झिजतं. मोटारीतलं पेट्रोल काढून टाका. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि महिनोन् महिने राहिलं की कार्बुरेटर बुजतो. आपल्याच उसाचं इथेनॉल, पण आपलीच मोटार बंद पाडेल! दर महिन्याला एकदा पिंपात पाणी घेऊन मोटार चालू करा. कोरडी कधीही चालवू नका.

प्रश्न: चालवायला कोण बसणार? परवाना लागतो का?

उत्तर: देशांतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ चा नवा कायदा आला आहे. यांत्रिक होड्यांची नोंदणी आणि तपासणी त्यात येते, तेव्हा खरेदीआधीच तहसील कार्यालयात विचारून घ्या. माणसं किमान चार तयार करा, एक नको. पुरात तोच एक परगावी असतो. चालकाच्या मनगटाला मोटार बंद करणारी दोरी बांधलेली असलीच पाहिजे, तो पडला तर पंखा थांबतो. आणि जुन्या नावाड्यांना बाजूला सारू नका. प्रवाहाशी सरळ भांडायचं नाही, वरच्या अंगाने निघून तिरकं पार व्हायचं, हे त्यांना मोटारीशिवाय ठाऊक आहे.

प्रश्न: सर, तुमची होडी पुरात वापरली का?

उत्तर: अजून नाही. दर जूनमध्ये पाण्यात उतरवतो, वाळूची पोती घालतो, कड मोजतो, परत आणून ठेवतो. गेल्या वर्षी एक तरुण म्हणाला, "सर, पैसं वायाच गेलं म्हणायचं." आम्ही म्हटलं, असेच जाऊ देत, बाबा. आणि मग त्याला पट्टी धरायला लावली.